मधला तुकडा

२ मार्च, सोमवार

आजपासून घरात दोन वह्या. एक फ्रिजवर ठेवलेली. गोटी दिवसभरात काय खाते-पिते ते घरातल्या प्रत्येकाने तिच्यात लिहायचं, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. दुसरी ही, माझ्या कपाटातली. हिच्यात मी मला वाटेल ते लिहिणार आणि कुणाला दाखवणार नाही. प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढली की नोंद केल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही.

गोटी माझी भाची, दादाची एकुलती एक. वय पाच, वजन एकतीस किलो. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं, बाकी जगाला ती गोटीच. दादा लिफ्ट दुरुस्त करतो, वहिनी बालवाडीत शिकवते, मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. लग्न केलं नाही, त्यामुळे यांच्याच संसारात माझी एक खोली आणि माझी लुडबुड. दादा मला ‘शहाणे’ म्हणून हाक मारतो, आणि त्यात कौतुक किती न् टोमणा किती हे मी कधी मोजलं नाही.

गेल्या आठवड्यात गोटी बालवाडीत खेळता खेळता पांढरीफटक पडली. घामाने चिंब. वहिनी तिथेच होती, तिने तोंडात साखर कोंबली म्हणून निभावलं. साखर उतरली होती. आता एवढ्या गुबगुबीत पोरीची साखर चढायची सोडून उतरते कशी, हे कोडं आहे.

५ मार्च, गुरुवार

फ्रिजला आणि दोन्ही कपाटांना कुलूप लावलं. कल्पना माझी, कुलपं दादाच्या कामावरची.

कारण असं की काल संध्याकाळी गोटी कचऱ्याच्या डब्यातून पावाच्या कडा काढून खाताना सापडली. जेवून तासही झाला नव्हता! मी तिची आई असते तर चांगले दोन शब्द सुनावले असते. वहिनीने तिचे हात धुतले आणि तोंड पुसलं.

मी म्हटलं, "वहिनी, अशा लाडानेच पोरं डोक्यावर बसतात."

"हाव नाही गं तिला. भूक आहे."

"दोन्ही एकच."

"एकच असतं तर मला बरं झालं असतं," म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

शेजारपाजारचे, बालवाडीतले, सगळे हिलाच बोल लावतात. आई खाऊ घालते म्हणून पोर अशी झाली. मी तसं तोंडावर म्हणत नाही, पण मनातून मलाही तेच वाटतं. लपवून देत असणार. आईचं काळीज, दुसरं काय?

९ मार्च, सोमवार

दादाच्या सुईचा रोजचा तमाशा. डोक्यावर लिफ्ट टांगलेली असताना खालच्या खड्ड्यात झोपून काम करणारा माणूस, पण इन्सुलिनचं पेन दिसलं की याची गाळण उडते. गेली तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ वहिनीच टोचते. तो डोळे घट्ट मिटून, "टोचलंस का? टोचलंस का?" आणि ती, "अहो, मघाशीच झालं, सदरा खाली करा." गोटी टाळ्या वाजवते. हात मात्र हलका आहे वहिनीचा. आमच्या रक्त घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना नाही तसा.

चार पेनं फ्रिजच्या दारात असतात, लोण्याच्या शेजारी.

गोटीने आज तिसऱ्यांदा पाण्याची बाटली रिकामी केली. रात्रीसुद्धा उठून पिते. चला, पोरीला एक तरी सवय चांगली आहे.

१३ मार्च, शुक्रवार

आज अक्षर वाईट येईल.

दुपारी जेवणानंतर दोन तासांनी गोटी पुन्हा तशीच झाली. वहिनीने बोटाला टोचून दादाच्या साखर मोजायच्या यंत्रावर पाहिलं आणि तशीच उचलून आमच्या रुग्णालयात आणली. तिथे साखर एक्केचाळीस. डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त काढून घेतलं आणि त्याच सुईतून ग्लुकोज दिलं. दोन मिनिटांत पोर डोळे उघडून म्हणते, "आत्तू, खायला आहे?"

नमुना मी कुणाला हात लावू दिला नाही. रक्तातलं पाणी वेगळं करायला स्वतः फिरवला, स्वतः मशीनवर लावला. सकाळचे दोन्ही कंट्रोल, म्हणजे मशीन तपासायचे ठरलेल्या आकड्याचे नमुने, बरोबर आले होते, तरी पुन्हा चालवले. इन्सुलिन अडतीस. सी-पेप्टाइड जवळजवळ नाहीच.

दुसऱ्यांदा लावला. तेच.

हे कुणाशी बोलता येणार नाही म्हणून इथे नीट लिहिते. स्वादुपिंडातली पेशी इन्सुलिन एकदम तयार करत नाही. आधी एक लांब सलग साखळी बनते, तिला प्रोइन्सुलिन म्हणतात. ती दुमडते, तिची दोन टोकं एकमेकांना घट्ट बांधली जातात, आणि मग पेशीच्या आतच तिला कात्री लागते. मधला तुकडा कापून वेगळा होतो. बांधलेली दोन टोकं म्हणजे इन्सुलिन. मधला तुकडा म्हणजे सी-पेप्टाइड. पेशी दोन्ही बरोबरच रक्तात सोडते, एकास एक. विकतच्या इन्सुलिनमध्ये मधला तुकडा नसतो, तो कारखान्यातच काढून टाकलेला असतो. म्हणून रक्तात इन्सुलिन भरपूर आणि मधला तुकडा नाही, असं दिसलं की ते इन्सुलिन त्या शरीराने बनवलेलं नाही. बाहेरून आलंय. सुईने.

आमच्या घरात सुई एकाच माणसाच्या हातात असते.

देवा, हे मी काय लिहिलं! पण आकडा समोर आहे.

१६ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बोलावलं. माझ्याहून लहान असतील, चष्मा सारखा कपाळावर सरकवतात. रिपोर्ट बराच वेळ पाहिला.

"दोन शक्यता आहेत," म्हणाल्या. "पहिली तुमच्या चेहऱ्यावरच लिहिली आहे. दुसरी फार क्वचित दिसते, पण मला आधी ती बघायची आहे. तान्ही असताना हिला जुलाब व्हायचे का?"

व्हायचे तर! पहिले चार महिने पोर सलाईनवर होती. दूध पोटात ठरेना, वजन वाढेना. आज सांगून खरं वाटणार नाही अशी काडी होती. मी तेव्हाही म्हटलं होतं की वहिनीच्या खाण्यातलं काहीतरी बाधत असणार. हे सांगितलं. बाई लिहीत राहिल्या. मग पाणी किती पिते, रात्री उठते का, जेवल्यावर पोट भरलं असं कधी म्हणते का, सगळं विचारलं. जुलाबाचा आणि आजच्या इन्सुलिनचा संबंध काय, हे त्यांनाच ठाऊक. डॉक्टर लोकांना प्रश्न विचारायची सवयच असते.

"हाच नमुना मी बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवते. तिथलं इन्सुलिन मोजायचं किट वेगळं आहे. तीन आठवडे लागतील. तोवर घरात कुणाशी काहीही बोलू नका."

"माझ्या रिपोर्टवर शंका आहे का?"

"तुमच्यावर नाही. किटवर."

मला राग आला, खोटं कशाला सांगू? अकरा वर्षं हेच किट वापरतोय आम्ही. मागच्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेचे सर नवीन आणू म्हणत होते, तेव्हा मीच तो बेत हाणून पाडला. कशाला? हात बसलाय, आकडे ओळखीचे झालेत. उगाच चांगलं चाललेलं मोडायचं.

२४ मार्च, मंगळवार

आठ दिवस मी दादाच्या पेनांवर पाळत ठेवून आहे. प्रत्येक पेनावर पातळीच्या जागी बारीक रेघ मारते, सुईच्या टोकाएवढी, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसणार नाही अशी. दादाला किती युनिट दिलं तेही वहिनी रोज फ्रिजवरच्या वहीत लिहिते. ते वजा करून संध्याकाळी पडताळते. आठही दिवस हिशोब तंतोतंत जुळला. एक युनिटही इकडचं तिकडे नाही.

म्हणजे तिच्याकडे दुसरं पेन असणार. बालवाडीत ठेवत असेल.

आज सकाळी ती गोटीच्या बुटाची नाडी बांधत होती. गोटीला खाली वाकायला जमत नाही, पोट आड येतं. वहिनी जमिनीवर मांडी घालून बसली आणि दोन्ही नाड्या बांधताना म्हणाली, "आता या दोन बहिणी गळ्यात गळा घालतात." गोटी खदखदून हसली. मी दारात उभी होते. अशी बाई सुई टोचेल? मनाला पटत नाही. पण एकोणीस वर्षांत मला मनाने कितीदा फसवलंय आणि मशीनने किती वेळा? मशीनने एकदाही नाही.

२७ मार्च, शुक्रवार

दादाला सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, माहीत आहे. पण परवा पुन्हा साखर बावन्न आली. उद्या पोरीचं काही झालं तर गप्प बसल्याबद्दल मी स्वतःला तोंड कसं दाखवणार? कामावरून येताना दादाला वाटेतच गाठलं आणि जिन्यात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साखळी, तुकडा, सगळं. त्याला त्यातलं काही कळलं नाही, शेवटचं तेवढं कळलं.

"शहाणे, खात्री आहे तुझी?"

"आकडा आहे, दादा."

तो पायरीवर बसला. हातातली अवजारांची पिशवी त्याने मांडीवर घेतली, कुणाचं तरी मूल घ्यावं तशी.

२८ मार्च, शनिवार

वहिनी गेली.

दादाने सकाळी विचारलं. ओरडला नाही बिचारा, ओरडणं त्याच्या स्वभावातच नाही. "तू पोरीला माझं औषध टोचतेस का?" एवढंच. वहिनी आधी हसली, तिला वाटलं थट्टा चालली आहे. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं कुठून आलं ते तिला कळलं.

मला वाटलं होतं आकांत करेल, शपथा घेईल, भांडी आपटेल. मी तयारीने बसले होते. तिने एक प्रश्न विचारला, "तुझ्या मशीनमध्ये असं दिसतं?"

"हो."

"आणि मशीन चुकत नाही."

"नाही, वहिनी."

तिने खुंटीवरची पिशवी काढली. मग म्हणाली, "मी इथून गेले आणि तिची साखर उतरायची थांबली, तर तुमचं खरं. मी आईकडे जाते. पेनं सगळी तुझ्या ताब्यात घे. तिला तूच भरव, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. म्हणजे नंतर कुणी काही म्हणायला नको." आणि दादाकडे वळून, "तुमची सुई आता हीच टोचेल."

अर्ध्या तासात निघालीसुद्धा. गोटी झोपलेली होती, तिला उठवलं नाही.

निरपराध माणूस इतक्या सहज उठून जातं का? मी तरी गेले नसते. भिंतीला डोकं आपटलं असतं पण पोरीला सोडून हलले नसते.

३० मार्च, सोमवार

पंधरा दिवसांची रजा टाकली. पेनं छोट्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. दादाला सुई मी टोचते. आता तो ‘टोचलंस का?’ विचारत नाही, नुसतं भिंतीकडे तोंड करतो.

गोटीचं जेवण आता वजनकाट्यावर. भात इतके ग्रॅम, अंडं एक, भाजी इतकी, केळं अर्धं. चार वेळा, घड्याळ लावून. प्रयोग करायचा तर धड करायचा.

गोटी दर दहा मिनिटांनी विचारते, "आई कुठे गेली?" आणि त्याच्या मधल्या दहा मिनिटांत, "खायला आहे?"

१ एप्रिल, बुधवार

तीन दिवस साखर ठीक. सगळ्यात कमी एकाहत्तर. आता म्हणा!

पण खरं लिहायचं तर जिंकल्यासारखं वाटत नाही. दुपारी चार वाजता पोर सुरू करते ते पाच वाजेपर्यंत. रडणं नव्हे ते. आधी मागते, मग विनवते, मग नुसता एकसुरी आवाज काढत राहते, दमेपर्यंत. मी आधी समजावलं. मग रागावले. काल तर खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि स्टूल टाकून बाहेर बसले. आत गेलं की द्यावंसं वाटतं, आणि दिलं की सगळा प्रयोग पाण्यात. आजही तसंच केलं. कानात कापूस घातला होता. थोडं ऐकू आलंच.

५ एप्रिल, रविवार

साखर एकोणचाळीस.

दीड वाजता जेवली. मीच मोजलं, मीच शिजवलं, मीच भरवलं. सव्वातीनला रंगाचं पुस्तक घेऊन बसली होती, खडू हातातून गळला. मी पाहिलं तर ओठ पांढरे, कपाळावर घाम. बोटाला टोचलं. एकोणचाळीस! ग्लुकोजची पूड पाण्यात कालवली आणि चमच्याने ओठांच्या आत सोडत राहिले. दहा मिनिटांनी बहात्तर. मग तिने मला विचारलं, "आत्तू, तू का रडतेस?"

दादा कामावरून धावत आला. सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "पेटीची किल्ली?"

गळ्यातली काढून दाखवली. रेघा पडताळल्या, जुळल्या. घरात दिवसभर तिसरं माणूस आलं नव्हतं.

"म्हणजे आता तू टोचलंस म्हणायचं का, शहाणे?"

त्याने ते हळूच विचारलं. वहिनीला फोन लावला त्याने, तिने उचलला नाही.

६ एप्रिल, सोमवार

दादाने आज खाडा केला आणि गोटीजवळ थांबला. मी सकाळी सातला प्रयोगशाळेत. रजेवर असताना आलेली पाहून रखवालदार चक्रावला.

इन्सुलिनच्या किटचा नवीन खोका फोडला. प्रत्येक खोक्यात एक माहितीपत्रक येतं, बारीक अक्षरात, आठ घड्यांचं. अकरा वर्षं ते माझ्या हाताखालून जातंय. अकरा वर्षं मी त्याची आणखी एक घडी घालते आणि बाटल्या हलू नयेत म्हणून खोक्याच्या तळाशी कोंबते. आज उलगडलं. कितव्या तरी पानावर तक्ता होता: हे किट इन्सुलिनखेरीज आणखी काय काय इन्सुलिन म्हणून मोजतं. तिथे लिहिलं होतं, प्रोइन्सुलिन, एकसष्ट टक्के.

म्हणजे न कापलेली साखळी रक्तात असली तर माझं मशीन तीही इन्सुलिन म्हणूनच मोजतं. आणि साखळी कापलीच गेली नसेल तर मधला तुकडा सुटणार कुठून? अडतीस आणि शून्य. सुईची गरजच नाही.

बसले तिथेच. सरांनी विचारलं बरं नाही का. मी म्हटलं, सर, ते नवीन किट मागवा. कारण सांगितलं नाही. उद्या सांगेन, आज तोंड नव्हतं.

७ एप्रिल, मंगळवार

बाहेरचा रिपोर्ट आला. खरं इन्सुलिन तीन. प्रोइन्सुलिन असायला हवं त्याच्या चाळीसपट.

डॉक्टरीणबाईंनी दादाला आणि मला समोर बसवून सांगितलं. दादाला समजेल असं सांगितलं, म्हणून मलाही नीट समजलं. साखळी कापणारी जी कात्री असते, ती गोटीची जन्मतःच बोथट आहे. आई-बाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली. दोघांनाही स्वतःला काही त्रास नाही, म्हणून कुणाला पत्ता नाही. आणि ही कात्री एकट्या इन्सुलिनची नव्हे. शरीरात कितीतरी संप्रेरकं अशीच आधी लांब बनतात आणि मग कापून कामाला लावली जातात. पोट भरलं हा निरोप मेंदूत पोहोचवणारं संप्रेरक त्यातलंच. पाणी धरून ठेवणारं त्यातलंच. आतड्यांना दूध पचवायला मदत करणारी त्यातलीच. एक कात्री अडली आणि सगळीकडची कामं अर्धवट.

"आणि ती साखर उतरणं?" दादाने विचारलं.

"न कापलेली साखळी अगदीच निकामी नसते. हळूहळू काम करते आणि रक्तात रेंगाळते. जेवणानंतर उशिरा साखर खाली ओढते."

तान्हेपणीचे जुलाब. रात्रीचं पाणी. कचऱ्याच्या डब्यातला पाव. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं आणि मी एकेका गोष्टीला वेगवेगळं कारण शोधलं होतं. बहुतेक कारणांत वहिनी होती.

"म्हणजे तिला खरंच भूक लागते?" मी विचारलं.

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "तिला कायम उपाशी असल्यासारखं वाटतं. जेवून उठल्यावरसुद्धा. पोट भरणं म्हणजे काय हे त्या मुलीला अजून एकदाही कळलेलं नाही."

उपाय आहेत. एका संप्रेरकाची गोळी उद्यापासून, नाहीतर साध्या तापातही धोका. पाण्यासाठी औषध. जेवण थोडं थोडं, साखर एकदम चढणार नाही असं. भुकेवर एक इंजेक्शन निघालंय, पण गोटीला मिळायला अजून साताठ महिने. तोवर खाणं मोजूनच द्यावं लागेल. कुलपं राहतील.

खाली आल्यावर दादा म्हणाला, "मी तिला विचारलं, तेव्हा ती आधी हसली होती गं." आणि फाटकापाशी उभा राहून रडला. मी त्याचा हात धरायला गेले, त्याने तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

८ एप्रिल, बुधवार

वहिनीकडे मी एकटीच गेले. दादा येणार होता, मी नको म्हटलं. घाण मी केली, पुसायला त्याला कशाला नेऊ?

बसने सव्वा तास. वाटभर वाक्यं जुळवली. वहिनीच्या आईने दार उघडलं, मला पाहिलं आणि "या" न म्हणता आत निघून गेली. बरोबरच आहे.

वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होती. जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, "वहिनी, चुकलं माझं. मशीन चुकलं नाही, मीच चुकले. तू काहीही केलेलं नव्हतंस." आणि मग रिपोर्ट, कात्री, साखळी, चाळीसपट, जे सुचेल ते बोलत राहिले. ती हातातला ओला टॉवेल तसाच धरून ऐकत होती.

"आजाराचं नाव आहे तर," ती शेवटी म्हणाली.

"आहे."

"औषधही आहे."

"आहे. थोडं आत्ता, थोडं पुढे."

तिने टॉवेल झटकून दोरीवर टाकला, चिमटे लावले. मला वाटलं आता बोलेल. मला काय वाट्टेल ते बोलावं, मारावं, असं मनापासून वाटत होतं.

"चारच्या सुमाराला फार होतं तिला," ती म्हणाली. "तेव्हा काय करायचीस?"

मी खाली पडलेला एक चिमटा उचलला.

"द्यायचीस काही?"

"नाही. ग्रॅमवर दिलं सगळं."

"रडायची?"

"रडायची."

"मग?"

"दार ओढून बाहेर बसायचे," मी सांगितलं. खोटं बोलावंसं वाटलं होतं. पण इतकं झाल्यावर तेवढं तरी खरं सांगायला हवं होतं.

वहिनीचा चेहरा पहिल्यांदा बदलला. चोरटं इन्सुलिन टोचल्याचा आळ घेतला तेव्हाही असा झाला नव्हता. डोळे भरले आणि ओठ दाबून ती दोरीला धरून उभी राहिली.

"मीसुद्धा नाही द्यायचे गं," म्हणाली. "तुम्हाला सगळ्यांना वाटायचं मी लपवून देते. एकदाही नाही दिलं. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं. पण मी तिच्याजवळ बसायचे. तासभर. नुसती धरून. भूक तिला एकटीला लागू नये म्हणून." मग म्हणाली, "दहा दिवस ती एकटी होती."

"अकरा," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. सवय.

ती आत गेली. पाच मिनिटांत पिशवी घेऊन बाहेर आली. "माफ केलं असं समजू नकोस," म्हणाली. "गोटीसाठी येतेय. तुझं नंतर बघू." बसमध्ये ती पुढच्या बाकावर बसली, मी मागच्या.

१४ एप्रिल, मंगळवार

सरांना सगळं सांगितलं. अकरा वर्षांत असे किती रिपोर्ट गेले असतील ते शोधायचं ठरलंय. जुन्या नोंदी काढतेय. इन्सुलिन जास्त आणि तुकडा कमी, असे दोन सापडले आजपर्यंत. दोन्हीवर माझी सही. त्या घरांतून कोण निघून गेलं असेल, कुणास ठाऊक. त्यांच्या डॉक्टरांना पत्रं लिहिली.

वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ दे, दार लाव, यांची सुई झाली का. सुई आता मीच टोचते. तिने परत हातात घेतली नाही आणि दादाने मागितली नाही.

२१ एप्रिल, मंगळवार

आज वहिनीच्या बालवाडीत पालकांची सभा होती. निघताना ती दारात थांबली. चार वाजायला दहा मिनिटं होती. दादा कामावर. घरात गोटी आणि मी. वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग चपला घालून गेली.

चारला सुरू झालं. आधी मागितलं. मग विनवलं. मग तो आवाज. मी आत गेले, दार लावून घेतलं आणि जमिनीवर बसून तिला मांडीवर घेतलं. जड आहे पोर, पाय लगेच बधिर झाले. नुसतं म्हटलं, "खूप भूक लागली का गं?" हे मी तिला आजवर कधी विचारलंच नव्हतं.

"हो," म्हणाली, आणि तोंड माझ्या खांद्यात खुपसून रडत राहिली. आवाज कानाशीच होता. त्रेपन्न मिनिटं. मध्ये एकदा तिने विचारलं, "आत्तू, तुला पण लागली?" मी म्हटलं, "हो, मलाही लागली." दुपारपासून मी जेवले नव्हते, मुद्दामच.

वहिनी आली तेव्हा गोटी माझ्या अंगावरच झोपली होती आणि मला उठता येत नव्हतं. तिने दारातून पाहिलं. पिशवी खाली ठेवली, गोटीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं आणि दुसरा हात मला उठायला पुढे केला.